घरून काम करायचं, पण टॅली परळला आहे

प्रति,
माननीय आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका

महोदय,

19 ऑगस्ट 2025 रोजी मुंबईत पावसानं दाणादाण उडवली, त्या दिवशी महापालिकेनं शासकीय आणि निमशासकीय कार्यालयांना सुट्टी दिली. खासगी आस्थापनांना आवाहन केलं की कामाचं स्वरूप पाहून कर्मचाऱ्यांना घरूनच काम करू द्या, विनाकारण बाहेर पाठवू नका. आवाहन योग्यच होतं. मध्य रेल्वेची सीएसएमटी ते ठाणे वाहतूक कित्येक तास बंद होती. हार्बर ठप्प होती. लोकल नाही म्हणून संध्याकाळी मोनोरेलमध्ये इतकी माणसं चढली की गाडी मैसूर कॉलनीजवळ वरच्यावर अडकली आणि अग्निशमन दलाला शिड्या लावून शेकडो प्रवाशांना खाली उतरवावं लागलं.

मी भोईवाड्यात राहतो. परळ, लालबाग, दादर या पट्ट्यातल्या लहान ऑफिसांचे सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. म्हणून खात्रीनं सांगतो की, आपलं आवाहन माझ्या ओळखीतल्या बहुतेक ऑफिसांना पाळणं शक्यच नव्हतं. मालकांची इच्छा होती, कर्मचाऱ्यांची तर होतीच होती. पण टॅली या हिशेबाच्या ज्या सॉफ्टवेअरवर काम करायचं ते परळच्या गाळ्यात, टेबलाखालच्या एका पीसीत होतं. त्यात दुसऱ्या दिवशी 20 तारीख, म्हणजे जुलै महिन्याचं जीएसटीआर-3बी भरायची शेवटची तारीख. उशीर झाला तर दिवसाला विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर 18 टक्क्यांनी व्याज. केंद्र सरकारनं मुंबई शहर, उपनगर, ठाणे, रायगड आणि पालघर या जिल्ह्यांसाठी ही मुदत 27 ऑगस्टपर्यंत वाढवली खरी, पण ती अधिसूचना निघाली 20 तारखेला. 19 च्या सकाळी ती कुणालाच माहीत नव्हती. त्यामुळे डोंबिवली, बदलापूर, नालासोपाऱ्याहून अकाउंटंट मंडळी छत्र्या घेऊन निघाली. काही जण मध्येच अडकली. काही पोहोचली, आणि हिंदमाताच्या पाण्यातून चालत ऑफिसात आली.

हे टाळता आलं असतं, आणि त्यासाठी लागणारं तंत्र काही नवं नाही. त्याचं पुस्तकी नाव ॲप्लिकेशन व्हर्च्युअलायझेशन. आमच्या धंद्यात नुसतं 'रिमोट ॲप' म्हणतात. आयबीएम सोडून आलेल्या एड याकोबुची यांनी 1989 मध्ये सिट्रिक्स ही कंपनी काढली, 1995 मध्ये तिचं विनफ्रेम बाजारात आलं आणि 1998 मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोज एनटीची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती आणली. म्हणजे 2005 च्या 26 जुलैला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि लोकांनी रात्र ऑफिसात किंवा रस्त्यात काढली, तेव्हाही हे तंत्र उपलब्ध होतं.

ते चालतं कसं, हे आपल्याला थोडं तपशिलानं सांगतो, कारण माझ्या मागण्या त्या तपशिलावरच उभ्या आहेत.

डोंबिवलीच्या घरात बसलेली एक अकाउंटंट बाई लॅपटॉपवरच्या टॅलीच्या चिन्हावर क्लिक करते. लॅपटॉपमध्ये टॅली नाहीच, ते चिन्ह म्हणजे फक्त पत्ता आहे. तो पत्ता तिला गेटवेपाशी नेतो. गेटवे तिचं नाव, पासवर्ड आणि मोबाइलवर आलेला कोड तपासतो, मगच आतल्या सर्व्हरशी गाठ घालून देतो. सर्व्हरवर तिच्या नावाचं एक सेशन उघडतं आणि त्यात टॅली सुरू होते. प्रोसेसर सर्व्हरचा, मेमरी सर्व्हरची, डेटाही तिथेच. तिच्या पडद्यावर फक्त टॅलीची खिडकी दिसते, आणि ती इतर कुठल्याही खिडकीसारखीच दिसते. ती विक्रीचं व्हाउचर उघडायला एफ-8 दाबते. कळ दाबल्याची एवढीशी खबर तारेवरून सर्व्हरला जाते. सर्व्हर व्हाउचर उघडतो आणि पडद्याचा जेवढा भाग बदलला तेवढ्याच भागाचं चित्र दाबून, सांकेतिक करून परत पाठवतो. पार्टीचं नाव, रक्कम, कर असं करत ती शेवटी कंट्रोल-ए दाबते आणि एन्ट्री सेव्ह होते. या सगळ्यात खात्याचा एक आकडाही तिच्या लॅपटॉपच्या डिस्कवर उतरलेला नसतो. जाताना कळा आणि माउसच्या हालचाली जातात, येताना चित्रं येतात.

म्हणूनच या कामाला दांडगी लाइन लागत नाही. लाइनची रुंदी कमी असली तरी भागतं, जाण्यायेण्याचा वेळ मात्र कमी हवा. मुंबई महानगरात चांगल्या फायबरवर हा वेळ साधारण 10 ते 30 मिलिसेकंद असतो आणि कामात काहीच जाणवत नाही. तो 150 च्या पुढे गेला की टाइप केलेलं अक्षर बोटांच्या मागे पडायला लागतं, आणि दिवसभर आकडे टाकणाऱ्या माणसाचं डोकं उठतं. सर्व्हर कुठे आहे याला त्यामुळे महत्त्व येतं. मायक्रोसॉफ्टचं पुण्यातलं केंद्र 2015 पासून आणि ॲमेझॉनचं मुंबईतलं केंद्र 2016 पासून चालू आहे. अमेरिकेतला स्वस्त सर्व्हर घेऊन त्यावर टॅली चालवणारे मी पाहिले आहेत; त्यांना हे तंत्रच वाईट वाटतं.

लाइन तुटली तर काय, हा प्रश्न मला प्रत्येक मालक विचारतो. सेशन सर्व्हरवर जिवंत राहतं. बाईंची लाइन गेली, पाच मिनिटांनी त्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून परत आल्या, तर अर्धवट भरलेलं व्हाउचर जसंच्या तसं समोर येतं. आता याच्या उलट, अनेक ऑफिसांनी कोविडच्या काळात काय केलं ते पाहा. 24 मार्च 2020 च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि घाईघाईत व्हीपीएन टाकून घरच्या टॅलीतून ऑफिसच्या पीसीवरचं डेटाचं फोल्डर थेट उघडायला सुरुवात झाली. त्या पद्धतीत प्रोग्राम घरी चालतो आणि डेटा तारेवरून सतत पुढेमागे ओढला जातो. काम रखडतं, आणि लिहिता लिहिता लाइन तुटली की डेटा बिघडतो. मग रिराइट म्हणजे टॅलीची डेटादुरुस्ती, मग कालचा बॅकअप, मग तीच एन्ट्री पुन्हा. मालकांनी कपाळाला हात लावला आणि 'घरून काम होत नाही' असा निकाल देऊन टाकला. तो निकाल आज परळमधल्या कित्येक ऑफिसांत पक्का झाला आहे. दोष घरून काम करण्याचा नव्हता. प्रोग्राम आणि डेटा यांची फारकत केली, हा दोष होता.

दुसराही एक प्रकार आहे, तो थोडक्यात सांगतो. त्यात प्रोग्राम वापरणाऱ्याच्याच पीसीवर चालतो, पण स्वतःच्या बंद कप्प्यात. मायक्रोसॉफ्टनं 2006 मध्ये सॉफ्ट्रिसिटी ही कंपनी घेतली आणि तिच्या सॉफ्टवेअरचं पुढे ॲप-व्ही झालं. प्रोग्रामला वाटतं आपण विंडोजच्या रजिस्ट्रीत आणि फोल्डरांत लिहितोय, प्रत्यक्षात तो आपल्याच पाकिटात लिहीत असतो. जुन्या जावाशिवाय न चालणारं एखादं सरकारी साधन आणि नव्या जावाचं दुसरं साधन एकाच पीसीवर न भांडता नांदवायला हा प्रकार उपयोगी. पण पावसाच्या दिवसाचा प्रश्न सोडवतो तो पहिलाच.

आता अडचणी. त्या लपवल्या तर माझ्यावर कुणी विश्वास ठेवू नये.

डिजिटल सहीचं टोकन ही सगळ्यांत मोठी. ते यूएसबीत खोचलेलं असतं डोंबिवलीत आणि सॉफ्टवेअर चालतं सर्व्हरवर. टोकन दुरून सर्व्हरला दिसेल अशी सोय करावी लागते, आणि ती प्रत्येक कंपनीच्या टोकनाला सारखी जमत नाही. बरेचदा भागीदाराचं टोकन ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद असतं, मग सगळं तंत्र असून एक माणूस सहीसाठी जातोच. छपाईचंही तसंच: प्रिंट कुठे निघणार, घरी की परळला, हे आधी ठरवलं नाही तर चेक तिसऱ्याच प्रिंटरवर छापला जातो. ब्राउझरमधून रिमोट ॲप उघडलं तर टॅलीतलं पेमेंटचं एफ-5 दाबल्यावर पानच रिफ्रेश होऊ शकतं. त्यापेक्षा वेगळं क्लायंट सॉफ्टवेअर टाकलेलं बरं. मराठीत काम असेल तर फाँट आणि इनस्क्रिप्टचा कीबोर्ड सर्व्हरवर असावा लागतो, फक्त घरच्या लॅपटॉपवर असून भागत नाही. महापालिकेचा कारभार मराठीत चालतो, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. नाहीतर पहिल्याच दिवशी पडद्यावर चौकोन दिसतात आणि योजना गुंडाळली जाते.

पैशाचं आणि परवान्याचं बोलायला हवं. एकाच वेळी अनेकांनी वापरायचं तर टॅलीचा अनेक जणांसाठीचा परवाना लागतो आणि विंडोज सर्व्हरवर प्रत्येकामागे वेगळा रिमोट परवाना लागतो. हे पैसे वाचवायला साध्या विंडोजची एक फाइल बदलून त्यात तिघा-चौघांना घुसवायचा जुगाड सर्रास चालतो. तो बेकायदा आहे, आणि विंडोजच्या पुढच्या अपडेटला बंद पडतो, नेमका ज्या दिवशी गरज असते त्या दिवशी.

त्याहून घातक दुसरा जुगाड आहे. राउटरवर विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचं 3389 हे पोर्ट सरळ इंटरनेटला उघडं करून ठेवायचं, की गेटवे नको आणि खर्चही नको. जगभरात यंत्रं रात्रंदिवस अशी उघडी दारं शोधत आणि पासवर्ड ठोकून पाहत असतात. मे 2019 मध्ये त्याच रिमोट डेस्कटॉपमधला ब्ल्यूकीप हा दोष उघड झाला, त्यात तर पासवर्डचीही गरज नव्हती. लालबागच्या एका ऑफिसात सोमवारी सकाळी सगळ्या फायलींची नावं बदललेली आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बॅकअपची हार्ड डिस्क त्याच पीसीला लावलेली होती, तीही गेली. वर्षभराचा हिशेब त्या मंडळींनी कागदी बिलांवरून पुन्हा उभा केला. अशा हल्ल्याची खबर सहा तासांच्या आत सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेला देण्याचा नियम एप्रिल 2022 मध्ये निघाला, पण त्या ऑफिसानं सर्ट-इनचं नावही ऐकलेलं नव्हतं. महोदय, आपण घरून काम करा म्हणता तेव्हा 'गेटवेशिवाय नको, मोबाइलवरच्या कोडशिवाय नको' हेही सोबत सांगणारं कुणीतरी हवं. नुसत्या आवाहनानं लोक घाईत दारं उघडी टाकतात.

हे सगळं आपल्यालाच का लिहितो? भोईवाड्यासाठी लिहितो.

आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरात केईएम आहे, लहान मुलांचं आणि बाळंतपणाचं अशी दोन्ही वाडिया आहेत, टाटा मेमोरियल आहे. केईएम 1926 चं, टाटा 1941 चं. आचार्य दोंदे मार्गावर पहाटेपासून केसपेपरसाठी लोक उभे असतात. टाटाच्या आसपासच्या फुटपाथवर देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले पेशंट आणि त्यांचे नातेवाईक दिवस काढतात. या इस्पितळांतल्या परिचारिका, तंत्रज्ञ, वॉर्डबॉय, सफाई कामगार येतात कुठून? कसाऱ्याहून, कर्जतहून, विरारहून, पनवेलहून. त्यांच्या कामाचं व्हर्च्युअलायझेशन कधीही होणार नाही. सलाइन लावायला, जखम धुवायला, केमोचा डोस चढवायला हातच लागतो, आणि तो हात पावसातून यावाच लागतो. सप्टेंबर 2025 मध्ये एल्फिन्स्टनचा पूल पाडण्यासाठी बंद झाला, तेव्हापासून परळला पोहोचणं आणखी अवघड झालं आहे.

अशा दिवशी जी दोन-चार लोकल धावतात, त्यांच्यातली जागा कुणाची? माझं म्हणणं स्पष्ट आहे: ती परिचारिकेची आणि पेशंटची. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ भरलेल्या लोकलमधून पडून माणसं गेली, आणि तो दिवस तर नेहमीसारखा कामाचा दिवस होता. ज्याचं काम डोंबिवलीच्या घरातून एफ-8 दाबून होतं, त्याला त्या गर्दीत ढकलणं म्हणजे ज्याला यावंच लागतं त्याच्या जिवावर उठणं. घरून काम म्हणजे पांढरपेशांची चैन, असं आमच्याकडे अनेकांना वाटतं. परळमध्ये राहून, केईएमच्या दाराशी रोजची रांग पाहून मला ते तसं वाटत नाही.

आता मागण्या. मी त्या महापालिकेच्या हातात असलेल्या गोष्टींपुरत्याच ठेवल्या आहेत.

सुरुवात आपल्या घरापासून व्हावी. महापालिकेत सॅप कित्येक वर्षं वापरात आहे, आणि सॅपचा पडदा जगभर याच रीतीनं दूरवर पोहोचवला जातो. परळचं एफ दक्षिण विभाग कार्यालय नमुन्यासाठी घ्या. तिथली कोणती टेबलं पावसाच्या दिवशी घरून चालू शकतात, बिलं, लेखा, पत्रव्यवहार, तक्रारींची नोंद, याची यादी करा आणि ती प्रसिद्ध करा. कोणती चालू शकत नाहीत तेही लिहा. सुट्टी जाहीर केली की नागरिकाचं काम एक दिवस मागे पडतं. ही टेबलं चालू राहिली तर पडणार नाही. गेटवे, दुहेरी तपासणी, डेटा घरच्या पीसीवर कॉपी करण्याला मनाई, हे सगळं सर्व्हरवरच ठरवता येतं. दिल्लीच्या एम्समध्ये 23 नोव्हेंबर 2022 रोजी खंडणीखोरांनी सर्व्हर बंद पाडले आणि कित्येक दिवस रुग्णांची नोंद हातानं करावी लागली. केईएमसारखं इस्पितळ चालवणाऱ्या महापालिकेनं ही काळजी पहिल्या दिवसापासून घ्यावी.

आपल्या आपत्ती व्यवस्थापन विभागानं लहान आस्थापनांसाठी मराठीत दोन पानांची सूचना काढावी आणि दुकान-आस्थापनांच्या कार्यालयांतून ती वाटावी. सर्व्हर तळमजल्यावर ठेवू नका, हे त्यातलं पहिलं वाक्य असावं. हिंदमाताचं पाणी कमी व्हावं म्हणून आपण परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली आणि दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली टाक्या बांधल्या, त्याचा फायदाही झाला. पण तळमजल्याच्या गाळ्यात जमिनीवर ठेवलेल्या पीसीला वीतभर पाणीही पुरतं. ज्यांना सर्व्हर डेटा सेंटरमध्ये नेणं परवडतं त्यांनी न्यावा; ज्यांना परवडत नाही त्यांनी निदान वरच्या फळीवर ठेवावा आणि बॅकअपची डिस्क काम झालं की काढून ठेवावी.

विजेचा मुद्दा यालाच जोडून येतो. रिमोट ॲप सर्व्हरच्या विजेवर जगतं. 12 ऑक्टोबर 2020 ला ग्रिड कोसळलं तेव्हा घरी बसलेले सगळे जण हात जोडून बसले, कारण ऑफिसातला सर्व्हरच मेला होता. शहर भागात वीज बेस्ट देते, आणि बेस्ट हा आपलाच उपक्रम. अतिवृष्टीत सुरक्षेसाठी कुठल्या भागाचा पुरवठा बंद करावा लागेल याची आगाऊ सूचना ग्राहकांच्या मोबाइलवर आली, तर सर्व्हर नीट बंद करता येतो, निदान डेटा तरी वाचतो.

आणि आवाहन आदल्या संध्याकाळीच येईल अशी पद्धत पाडा. हवामान खात्याचा रेड अलर्ट आला की संध्याकाळी सातच्या आत. कर्जतची बाई पहाटेची गाडी पकडते, तिला सकाळचा संदेश उपयोगाचा नाही.

आवाहनात एक वाक्य वाढवा, ही शेवटची विनंती. पावसामुळे जो येऊ शकला नाही आणि ज्याला घरून कामाची सोय दिलेली नाही, त्याचा त्या दिवसाचा पगार कापू नये. लहान ऑफिसांत तो सर्रास कापला जातो आणि म्हणूनच लोक रुळांवरून चालत येतात. जिथे सोय दिली आहे तिथे उलटं टोक गाठलं जातं: रात्री अकराला मालकाचा फोन, 'जरा सेशन उघडा'. सेशनची वेळ सर्व्हरवर बांधता येते. माझ्या गिऱ्हाइकांकडे मी ती बांधून देतो, आणि सातला सेशन बंद होतं म्हणून कुणाचंही रिटर्न आजवर राहिलेलं नाही.

आपल्या विभागाला या सूचनेचा मसुदा करायला, एफ दक्षिणमधल्या नमुन्याची आखणी करायला मदत लागली, तर माझ्यासारखी धंद्यातली माणसं परळ-लालबागमध्ये पुष्कळ आहेत आणि आम्ही मोबदला न घेता बसायला तयार आहोत. पाऊस जूनमध्ये येतो. यादी आणि सूचना 31 मेच्या आत निघावी, एवढं पाहावं.

आपला,
भोईवाड्यातला एक रहिवासी
परळ, मुंबई